वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (जन्म : गहुली, १ जुलै १९१३, मृत्यू : सिंगापूर, १८ ऑगस्ट १९७९) हे महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री व वाशीम मतदारसंघाचे माजी खासदार होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी मुख्यमंत्रिपदाची धुरा वाहिली. संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे, रोजगार हमी योजना आणि कापूस एकाधिकार खरेदी यांच्या संदर्भात त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांची, आणि पर्यायाने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची, रचना ज्या समितीच्या अहवालावर उभी आहे त्या समितीचे ते अध्यक्ष होते, याचा उल्लेख मात्र त्यामानाने कमी होतो. बंजारा तांड्यात जन्मलेल्या व घरी गोरबोली ऐकत वाढलेल्या या मुलाचे शिक्षण मराठी शाळांतून झाले. पुढे राज्याची शाळाव्यवस्था घडविण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला, तरी त्यांच्या मातृभाषेला त्या व्यवस्थेत जागा मिळाली नाही. त्यांच्या चरित्राची ही बाजू वऱ्हाडातील तांड्यांच्या शिक्षणाच्या इतिहासाशी निगडित आहे.

तांडा आणि घराणे

बंजारा समाज हा मुळात बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ यांची वाहतूक करणारा व्यापारी समाज. लमाण हा शब्द लवण म्हणजे मीठ या शब्दावरून आला असे सामान्यतः मानले जाते. मोगल व मराठा फौजांना रसद पुरविणारे बंजाऱ्यांचे तांडे दक्षिणेत सर्वदूर फिरत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातून लोहमार्ग गेला, १८६७ मध्ये तो नागपूरला पोहोचला, आणि लदेणीचा हा पिढीजात व्यवसाय पाहता पाहता बुडाला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारला एखाद्या संपूर्ण जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा अधिकार दिला, व अनेक भागांत बंजारेही त्या कायद्याच्या कचाट्यात सापडले. व्यापार गेला, संशय मात्र वाट्याला आला, अशा स्थितीत अनेक तांड्यांनी पुसद, दिग्रस, मानोरा, मंगरूळपीर या डोंगराळ मुलखात जमीन कसून स्थिर होण्याचा मार्ग धरला.

वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग राठोड हे अशाच एका तांड्याचे नायक होते. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली ही वस्ती त्यांनी वसविली. तांड्यात नायकाचा शब्द अखेरचा मानला जाई. त्याच्या जोडीला कारभारी असे आणि भांडणतंट्यांचा निवाडा नसाबात म्हणजे तांड्याच्या पंचायतीत होई. नायकपण घराण्याकडे असल्यामुळे राठोड हे आडनाव मागे पडून नाईक हे आडनाव रूढ झाले. वडील फुलसिंग यांनी शेतीत व परिसराच्या सार्वजनिक जीवनात नाव मिळविले. आईचे नाव होनूबाई. थोरले बंधू राजूसिंग हे पुढे बाबासाहेब नाईक या नावाने ओळखले गेले. वसंतरावांचे स्वतःचे मूळ नाव हाजूसिंग. दोन्ही भावांची तांड्यातील नावे सार्वजनिक जीवनात मागे पडली आणि मराठी वळणाची नावे रूढ झाली. त्या काळात शिकलेल्या अनेक बंजारा तरुणांच्या बाबतीत हेच घडले.

शाळा आणि घरची बोली

गहुलीसारख्या तांड्यात सलग शिक्षणाची सोय त्या काळी नव्हती. त्यामुळे हाजूसिंगाचे प्राथमिक शिक्षण एका शाळेत झाले नाही. पोहरादेवी, उमरी, भोजला, बान्सी अशा आसपासच्या गावांतून ते तुकड्यातुकड्याने पार पडले. यांपैकी पोहरादेवी व उमरी ही गावे आज वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहेत. पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून देशभरातील बंजारा समाज तिला आपली काशी मानतो; रामनवमीला तेथे मोठी यात्रा भरते. समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान आणि समाजातील पुढच्या मुख्यमंत्र्याची शाळा एकाच गावात असावी हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. यात्रेत गोरबोलीतील भजने चालत आणि शाळेत मराठीचे धडे गिरवले जात.

हे अंतर किती मोठे होते हे समजण्यासाठी गोरबोलीची थोडी ओळख आवश्यक आहे. गोरबोली, गोरमाटी, लमाणी, लंबाडी अशा अनेक नावांनी ओळखली जाणारी ही भाषा आर्यभारतीय कुळातील असून तिचे जवळचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. तिला स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत व तेलुगू प्रदेशात तेलुगू लिपीत लिहिली जाते. आईला गोरबोलीत याडी म्हणतात. मराठीत जेथे आहे म्हणतात तेथे गोरबोलीत छ येते. मराठीतील घोडा तेथे घोडो होतो, तांडा तांडो होतो. सर्वांत अडचणीची गोष्ट लिंगाची. मराठीत तीन लिंगे आहेत, गोरबोलीत दोनच. झाड, घर, पुस्तक, मूल या शब्दांसाठी ते का म्हणायचे, तो किंवा ती का नाही, हा प्रश्न मराठीभाषक मुलाला कधी पडत नाही, कारण तो पाळण्यातच सुटलेला असतो. तांड्यातून आलेल्या मुलाला मात्र प्रत्येक नामाचे लिंग स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. त्याच्या तोंडून चूक झाली की वर्ग हसतो आणि शिक्षकाला वाटते की मूल मंद आहे. वस्तुतः ते मूल एका व्याकरणातून दुसऱ्या व्याकरणात भाषांतर करीत असते, आणि हे काम पहिलीतल्या मुलाच्या वयाला हलके नाही.

गोरबोलीचे मौखिक भांडार समृद्ध आहे. होळीची लेंगी गीते, तीज उत्सवातील गाणी, लग्नात सासरी निघालेल्या मुलीने गळ्यात पडून गायचा ढावलो, सेवालाल महाराजांच्या कथा आणि नंगाऱ्याच्या साथीने होणारी भजने ही तांड्याची पाठशाळाच होती. यांतले काहीही त्या काळच्या क्रमिक पुस्तकांत नव्हते. शाळा तांड्याविषयी काही बोलत नव्हती, आणि तांड्यालाही शाळेविषयी फारसे प्रेम वाटण्याचे कारण नव्हते. तरीही फुलसिंग नाईकांनी दोन्ही मुलांना शिकविले. घरातील सुबत्ता व नायकपण यांमुळे ते शक्य झाले हे खरे, परंतु तशी सुबत्ता असलेल्या इतर घरांतूनही त्या काळी मुले शाळेत गेली नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

नागपूर, वकिली आणि विवाह

पुढील शिक्षणासाठी वसंतराव आधी अमरावतीला व नंतर नागपूरला गेले. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले, मॉरिस महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि १९४० मध्ये त्यांनी नागपूर विद्यापीठाची एलएल. बी. पदवी मिळविली. मॉरिस महाविद्यालय आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते.

वकिलीचा आरंभ त्यांनी अमरावती येथे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे केला. बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या पंजाबरावांच्या सहवासाचा त्यांच्यावर परिणाम झाला असणे स्वाभाविक आहे. त्यानंतर त्यांनी पुसद येथे स्वतंत्रपणे वकिली सुरू केली. गरीब कुळे व शेतकरी हेच त्यांचे बहुतेक अशील होते.

जुलै १९४१ मध्ये त्यांचा विवाह नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी झाला. बंजारा वर आणि ब्राह्मण वधू असा हा आंतरजातीय विवाह त्या काळी दोन्ही समाजांना पचणे कठीण होते, व त्याला विरोधही झाला. वत्सलाबाईंनी पुढे सार्वजनिक कार्यात पतीला साथ दिली. त्यांना निरंजन व अविनाश असे दोन पुत्र झाले.

पुसद ते मुंबई

१९४३ ते १९४७ या काळात वसंतराव पुसद कृषी मंडळाचे अध्यक्ष होते. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले व १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. मागास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालविण्याच्या कामातही या काळात त्यांनी लक्ष घातले. तांड्यातील मुलाला गावात शिकायचे तर प्रथम डोक्यावर छप्पर हवे, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून तत्कालीन मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले आणि रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. ज्या समाजांवर त्या कायद्याचा शिक्का होता ते तेव्हापासून विमुक्त म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढल्याच वर्षी दिग्रस येथे बंजारा समाजाचे अखिल भारतीय पातळीवरील संमेलन भरले. शिक्षणाचा प्रसार, व्यसनमुक्ती आणि खर्चिक रूढींचा त्याग हे त्या चळवळीचे विषय होते. त्या पिढीच्या समाजधुरीणांपुढे मुलांनी शाळेत जावे हा प्रश्न होता. शाळेत कोणती भाषा असावी हा प्रश्न उपस्थित होण्याइतकी मुले अद्याप शाळेत पोहोचलीच नव्हती.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. वसंतराव यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात प्रथम सहकारमंत्री व नंतर कृषिमंत्री झाले. मलबार हिलवरील डग बीगन नावाचा बंगला त्यांना मिळाला, त्याचे नाव त्यांनी वर्षा असे ठेवले. मुख्यमंत्री झाल्यावरही ते तेथेच राहिले आणि तो बंगला राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान झाला. पावसावर जगणाऱ्या कोरडवाहू मुलखातून आलेल्या मंत्र्याने दिलेले हे नाव आजतागायत टिकून आहे.

नाईक समिती आणि जिल्हा परिषदेची शाळा

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. वसंतराव महसूलमंत्री झाले. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा १९६१ चा कायदा त्यांच्या काळातला. त्याच सुमारास, २७ जून १९६० रोजी, लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने नऊ महिन्यांच्या आत, १५ मार्च १९६१ रोजी, २२६ शिफारशी असलेला अहवाल सादर केला. बलवंतराय मेहता समितीने देशपातळीवर पंचायत समितीला म्हणजे गटाला महत्त्व दिले होते. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला. त्यातून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

शिक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय दूरगामी ठरला. तोपर्यंत प्राथमिक शाळांचा कारभार राज्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या मंडळांकडे होता. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा शाळा मंडळे होती, विदर्भात जनपद सभा होत्या, मराठवाड्यात शाळा थेट सरकारी होत्या. आता ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा, शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या, इमारती आणि तपासणी हे सारे जिल्हा परिषदेकडे आले. परिषदेत शिक्षण समिती हा स्वतंत्र विषय झाला. निवडून आलेला सभासद आपल्या भागासाठी शाळा मागू लागला, आणि पुढील दोन दशकांत वाड्या-वस्त्यांवर व तांड्यांवर एकशिक्षकी का होईना, शाळा उघडल्या. ज्या मुलाला एका प्राथमिक शिक्षणासाठी चार-पाच गावे पालथी घालावी लागली होती, त्याच्या अहवालातून तांड्याच्या उंबरठ्याजवळ शाळा येण्याची वाट तयार झाली. वसंतरावांच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना शेतीच्या बरोबरीने ही गोष्ट मांडली जायला हवी.

समितीच्या रचनेत एक उणीव राहिली, ती नंतरच्या अनुभवातून दिसून येते. शाळा कोठे उघडावी हे ठरविण्याचा अधिकार जिल्ह्याकडे आला. शाळेत काय व कोणत्या भाषेत शिकवावे हे राज्यानेच ठरवायचे राहिले. भाषिक अल्पसंख्याक समूहांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याची अपेक्षा राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदात १९५६ पासून नोंदलेली आहे. तिचा लाभ उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा लिखित परंपरेच्या भाषांना मिळाला. गोरबोली, कोरकू, गोंडी, भिली, वारली या भाषा बोली या सदरात गेल्या आणि त्यांच्यापुरते ते कलम कागदावर राहिले.

मुख्यमंत्रिपद

मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी अकाली निधन झाले आणि ५ डिसेंबर रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. विमुक्त गणल्या जाणाऱ्या समाजातील व्यक्ती अशा प्रकारे राज्याच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर पोहोचली. शांत स्वभाव, तोंडात पाइप, शिकारीची आवड आणि फायलीपेक्षा शिवारात रमणारे मन असे त्यांचे व्यक्तिमत्त्व त्या काळच्या लोकांच्या स्मरणात राहिले.

त्यांच्या शेतीविषयक कार्यावर विपुल लेखन उपलब्ध असल्याने येथे ते थोडक्यात नोंदविणे पुरेसे आहे. १९६५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यावरील सभेत, राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपण फाशी जाऊ, अशा आशयाची प्रतिज्ञा त्यांनी केली आणि संकरित वाणांचा धडाक्याने प्रसार केला. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात स्थापन झाली. कापूस एकाधिकार खरेदी योजना याच काळातली. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात राज्यभर सुरू झालेल्या कामांतून, वि. स. पागे यांच्या कल्पनेवर आधारलेली रोजगार हमी योजना आकाराला आली. १९६७ च्या कोयना भूकंपानंतरचे पुनर्वसन आणि नव्या मुंबईची उभारणी हेही याच कारकिर्दीतले विषय होत. १९६७ व १९७२ अशा दोन विधानसभा निवडणुका काँग्रेसने त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकल्या. १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा मिळाल्या.

राजभाषा, पाठ्यपुस्तके आणि गोरबोली

मराठीच्या इतिहासात वसंतरावांच्या कारकिर्दीला वेगळे स्थान आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याच काळात संमत झाला व मराठी ही राज्यकारभाराची कायदेशीर भाषा झाली. २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाली. खासगी प्रकाशकांची भिन्नभिन्न क्रमिक पुस्तके जाऊन राज्यभर समान, स्वस्त व देखणी पुस्तके मुलांच्या हाती पडली. मुंबईतील श्रीमंत वस्तीतील मूल आणि मानोऱ्याच्या डोंगरातील तांड्यातले मूल एकच पुस्तक वाचू लागले. ही समता मोलाची होती. बालभारतीची पुस्तके मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी व तेलुगू या आठ भाषांत निघू लागली. मुख्यमंत्र्यांची मातृभाषा त्या आठांत नव्हती.

याचा दोष एका व्यक्तीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून जन्मलेल्या राज्यात मराठीचे स्थान पक्के करणे हे त्या काळचे पहिले काम होते. विदर्भातील, त्यातही बंजारा समाजातील मुख्यमंत्र्याने आपल्या बोलीचा पुरस्कार केला असता तर त्याचा वेगळाच अर्थ काढला गेला असता. गोरबोलीला लिपी नव्हती, प्रमाण रूप ठरलेले नव्हते, छापील वाङ्मय अगदी थोडे होते. शिवाय शिकलेल्या बंजारा पिढीलाच आपली बोली चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटे. ज्या भाषेमुळे पोलीस पाटलाच्या दप्तरात नाव जाण्याची भीती एकेकाळी होती, ती शाळेत शिकविली जावी असे त्या पिढीला वाटले नाही. मुलांना चांगली मराठी आली पाहिजे, जमल्यास इंग्रजी आली पाहिजे, हाच आग्रह होता. वसंतरावांचा स्वतःचा जीवनक्रम या आग्रहाचे सर्वांत यशस्वी उदाहरण होता, आणि कदाचित म्हणूनच त्यातील हानीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांच्या वाट्याला घरची सुबत्ता आणि शिक्षणामागे उभे राहणारे वडील होते. ज्यांच्या वाट्याला यांतले काहीच नव्हते अशी हजारो मुले पहिली-दुसरीतच गळाली.

दुसरी वाट शक्य होती, हे त्याच महाराष्ट्रात दिसत होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे १९४५ मध्ये काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवावी, मुलांच्या परिचयाच्या वस्तूंपासून व त्यांच्या बोलण्यापासून सुरुवात करावी, असे तेथील प्रयोगांचे स्वरूप होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. प्रयोगाचा गौरव झाला, पण जिल्हा परिषदांच्या शाळांनी तो उचलला नाही. अंगणवाडीच्या रूपाने त्याचा काही अंश देशभर पसरला. भाषेचा भाग मात्र वाटेतच राहिला.

विमुक्त व भटक्यांसाठीचे धोरण

महाराष्ट्राने १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमातींची यादी केली. वसंतरावांच्या कारकिर्दीत, १९६० च्या दशकाच्या मध्यात, राज्याच्या सेवांत व शिक्षणसंस्थांत या वर्गासाठी ४ टक्के आरक्षण आले. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे व स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणाऱ्या अनुदानित आश्रमशाळा यांचा विस्तार झाला. पुसद, दिग्रस, मानोरा, मंगरूळपीर या पट्ट्यातील बंजारा शिक्षक, वकील, डॉक्टर व अधिकारी यांची पहिली मोठी पिढी या सोयींतून पुढे आली.

या धोरणाची मर्यादा अशी की, बंजारा समाजाचे स्थान राज्याराज्यांत भिन्न राहिले. आंध्र प्रदेशात (व आताच्या तेलंगणात) तो अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे आदिवासींसाठीच्या केंद्रीय योजना, व त्यांतून अलीकडे बोलीभाषांतील शिक्षणासाठी झालेले प्रयत्न, महाराष्ट्रातील तांड्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. एकाच भाषेच्या, एकाच आराध्याच्या व एकाच यात्रेला जमणाऱ्या लोकांचे हे त्रिभाजन वसंतरावांच्या काळातही चर्चेचा विषय होते आणि आजही आहे.

टीका

त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. मुंबईतील कामगार चळवळीतील कम्युनिस्टांचा जोर मोडण्यासाठी त्यांनी शिवसेनेला मोकळे रान दिले, असा आरोप विरोधकांनी सातत्याने केला. त्या संघटनेला उपहासाने वसंतसेना म्हटले जाई. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी विदर्भात झालेल्या आंदोलनाने त्यांच्या सरकारला अडचणीत आणले होते. दुष्काळाच्या काळातील महागाईविरुद्ध मुंबईत महिलांनी लाटणे मोर्चे काढले. शिक्षणाच्या क्षेत्रात खासगी संस्थांना मिळालेल्या मोकळिकीमुळे अनुदानित शाळा व आश्रमशाळा या राजकीय कुटुंबांच्या सत्ताकेंद्रात रूपांतरित झाल्या, ही टीका त्या काळात सुरू झाली व नंतर अधिक तीव्र झाली. हा दोष त्यांच्या एकट्याच्या कारकिर्दीचा नसला, तरी त्याची पाळेमुळे त्या दशकात आहेत हे नाकारता येत नाही.

वाशीमचे खासदार आणि अखेर

फेब्रुवारी १९७५ मध्ये पक्षश्रेष्ठींच्या निर्णयानुसार ते मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले व शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसविरोधी लाट असतानाही वसंतराव वाशीम मतदारसंघातून निवडून आले. ज्या परिसरातील शाळांत त्यांनी अक्षरे गिरवली होती त्याचे प्रतिनिधित्व त्यांच्या वाट्याला आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी ती लोकसभा विसर्जित झाली. १९८० च्या निवडणुकीत वाशीममधून गुलाम नबी आझाद निवडून आले. पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

मरणोत्तर

१ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळाला, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आणि २०१३ या जन्मशताब्दी वर्षात परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. तांड्यांच्या सुधारणेसाठीची राज्य शासनाची योजनाही त्यांच्याच नावाने आहे. वडिलांच्या नावाने पुसद येथे फुलसिंग नाईक महाविद्यालय आहे. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला तो १ जुलै १९९८ रोजी.

गोरबोलीविषयी त्यांच्या पश्चात चित्र काहीसे बदलले. बंजारा लेखकांनी आत्मकथने, कविता व कोशरचना यांतून भाषेला छापील रूप दिले. आत्माराम कनिराम राठोड यांचे तांडा हे आत्मकथन मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या ३० लाखांहून अधिक भरली, परंतु जनगणनेच्या वर्गीकरणात ही भाषा हिंदीच्या गटात मोजली जाते. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश व्हावा ही मागणी प्रलंबित आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावे अशी तरतूद आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिचा पुनरुच्चार झाला. पोहरादेवी येथे बंजारा विरासत हे वस्तुसंग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये खुले झाले. वाशीम जिल्ह्यातील तांड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षणाचे माध्यम मराठीच आहे. पहिलीच्या वर्गात याडी म्हणजे आई हे सांगण्याचे काम, शिक्षक स्वतः बंजारा असेल तर तो करतो, नसेल तर वरच्या वर्गातील एखादी मुलगी करते.